आधी बटवा, मग हंडा : माण तालुक्यातल्या एका गावातल्या प्रकल्पाच्या नोंदी

९ जानेवारी २०२५, गुरुवार

उपकेंद्राची मागची खोली मिळाली. औषधांची रिकामी खोकी आणि एक मोडकी खुर्ची होती, ती आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्तीने, आणि मी मिळून बाहेर काढली. खिडकीला पडदा नव्हता. आशाताईंनी घरून जुनं नऊवारी आणलं आणि दुहेरी घडी करून दोरीवर टाकलं. दाराला आतून कडी आहे आणि ती नीट बसते, हे मी आल्या आल्या पाहून घेतलं होतं. या कामाला यंत्राआधी कडी लागते.

काम असं: दर गुरुवारी एक फेरी, बारा आठवडे. खोकताना, शिंकताना, ओझं उचलताना ज्यांची लघवी सुटते, किंवा घाई लागली की मोरीपर्यंत पोचणं होत नाही, अशा बायकांना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवायचे, आणि ते बरोबर होताहेत का हे दर वेळी पाहायचं. बारा आठवडे अशासाठी की स्नायूत बळ भरायला तेवढा काळ लागतोच. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम सांगतात, दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठ आकुंचनं.

गावाचं नाव या वहीत येणार नाही. बायकांचीही नाहीत. छोटं गाव आहे, एका खुणेवरून माणूस ओळखू येतं.

कामाला लागण्याआधी राणी बंग आणि सहकाऱ्यांचा १९८९ चा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास पुन्हा वाचला. गडचिरोली जिल्ह्यातली वसा आणि अमिर्झा ही दोन गावं, ६५० बायका. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तो अभ्यास लघवी गळण्यावर नव्हता. पण ‘बायका सांगतच नाहीत’ असं आपण सर्रास म्हणतो तेव्हा मला हा ८ चा आकडा आठवतो. सांगायचं कुणाला? विचारायला कोण गेलं होतं?

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांत झाली, आता रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू. शिबिराचा फलक लावला असता तर एकही बाई आली नसती, म्हणून आशाताईंच्या ओसरीवरच्या हळदीकुंकवालाच बोलायचं ठरवलं. वाण म्हणून प्लास्टिकच्या साबणदाण्या नेल्या होत्या. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं, आणि मी विषय काढला.

आधी सगळ्या गप्प. मग एक काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “शिंकलं की व्हतं वं थोडं.” पाठोपाठ दुसरी, तिसरी. मी वहीत एकेक शब्द टिपत गेले. थेंब पडतो. सुटतं. भिजतं. दम निघत नाही. अंगावर जातं, हा शब्द मात्र त्या पांढऱ्या पाण्यासाठी वापरतात, तिथे घोटाळा करायचा नाही. अंग खाली येणं, अंग बाहेर येणं म्हणजे गर्भपिशवी किंवा योनीची भिंत उतरणं. ‘मूत्र-असंयम’ हा छापील शब्द मी बोलून पाहिला आणि तिथेच सोडून दिला. असंयम म्हटलं की बाईच्या वागण्यावर बोट ठेवल्यासारखं होतं. यात तिच्या वागण्याचा काय दोष?

सगळ्यांचं एकच म्हणणं: तीन बाळंतपणं झाली, वय झालं, आता हे असंच. मी म्हटलं, हे पुष्कळजणींना होतं हे खरं, पण पुष्कळजणींना होतं म्हणून ते सोसायलाच हवं असं नाही. गुडघा दुखतो तेव्हा तुम्ही तेल लावता, शेकता. या स्नायूंसाठीही करण्यासारखं आहे.

मग समजावलं. पुढचं जांघेच्या मधलं हाड आणि मागचं माकडहाड यांच्यामध्ये स्नायूंची झोळी ताणलेली असते. मूत्राशय, पिशवी, मोठ्या आतड्याचं टोक, सगळ्यांचा भार तिच्यावर. लघवीची वाट, योनी आणि शौचाची वाट या तिन्ही तिच्यातून जातात. बाळ बाहेर येताना ती खूप ताणली जाते आणि पुढे कुणी तिच्याकडे लक्ष देत नाही. खोकल्याने पोटात दाब वाढला आणि झोळी ढिली असली की वाट वेळेवर बंद होत नाही.

“लघवी अडवल्यासारखं आत आवळा, पाच आकडे मोजा, सोडा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. “जमतंय?” “जमतंय की.” अकराजणींनी तपासणीसाठी नावं दिली. खुशीत परतले.

२३ जानेवारी

ती खुशी आज उतरली.

पहिल्या सातजणींची तपासणी केली. आधी लघवीची पट्टीने चाचणी, जंतुसंसर्ग आणि साखर पाहायला. एकीला जळजळ होती आणि पट्टीनेही तसंच दाखवलं, तिला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे पाठवलं. संसर्गामुळेही घाई आणि गळती होते, त्यावर व्यायाम देऊन उपयोग नाही.

आतून तपासायचं तर प्रत्येकीला आधी सगळं सांगून, हातमोजा दाखवून, ‘कधीही थांबा म्हणा, मी थांबेन’ असं ठरवून. दोघी नको म्हणाल्या. त्यांना खुर्चीवर टॉवेलची गुंडाळी ठेवून तिच्यावर बसवलं आणि साडीवरूनच आत काय हालतं ते त्यांचं त्यांना जाणवू दिलं.

चौघींपैकी एकीचं आकुंचन बरोबर. एकीने मांड्या आणि कुल्ले इतके घट्ट केले की खाट करकरली, आतला स्नायू मात्र जागचा हलला नाही. एकीने श्वास कोंडून पोट आत ओढलं. आणि चौथी, ती तर बाळंतपणात कळ द्यावी तशी खाली जोर देत होती. मी बोटांनी तिला वर ओढायला सांगत होते आणि ती मन लावून खाली ढकलत होती. तिने घरी आठवडाभर, दिवसातून तीनदा, अगदी नेमाने असाच ‘व्यायाम’ केला होता. म्हणजे माझ्या सांगण्यावरून तिने आठवडाभर स्वतःचं नुकसान केलं.

अमेरिकेतल्या बम्प आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये नेमकं हेच मोजलं होतं. ४७ बायकांना फक्त तोंडी सूचना दिली. निम्म्याहून किंचित कमी, ४९ टक्के बायकांचं आकुंचन योग्य होतं. २५ टक्के बायका अशा रीतीने जोर करत होत्या की त्याने गळती वाढावी. हे मला परीक्षेसाठी पाठ होतं, दरवर्षी विद्यार्थिनींना मीच शिकवते. तरी ओसरीवर बसून मी तोंडी सूचनाच देऊन आले.

ज्यांच्या नावाने हे व्यायाम ओळखले जातात त्या अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये लिहिलं तेव्हा त्यांच्याकडे दाब मोजणारं एक उपकरण होतं. बाई आवळायची आणि काटा हलताना तिला समोर दिसायचा. आपण पुढे काटा टाकून दिला आणि ‘आवळा, सोडा’ एवढं वाक्य ठेवलं. दवाखान्यांतून वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवरही तेवढंच असतं.

रात्री झोप लागली नाही. पुढच्या गुरुवारी शिकवण्याची रीतच बदलायची.

३० जानेवारी

आज जे झालं ते सविस्तर लिहून ठेवते.

गेल्या वेळची, खाली जोर देणारी काकू आणि तिच्यासोबत आलेली तिची सासू, सत्तरीपुढची. काकूला मी तऱ्हेतऱ्हेने सांगत होते. लघवी अडवल्यासारखं. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आवरतो तसं. लिफ्ट वर गेल्यासारखं, हेही सांगून पाहिलं. ती लिफ्टमध्ये आयुष्यात एकदाच बसली आहे आणि तेव्हा घाबरली होती.

आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी कमरेचा बटवा काढला. खणाच्या कापडाचा, कडा विटलेल्या, दोन्ही बाजूंनी दोऱ्या आणि टोकाला मण्यांऐवजी जुनी बटणं ओवलेली. सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि दोन्ही दोऱ्या धरून ओढल्या. तोंडाच्या चुण्या गोळा होत होत मिटल्या, आणि दोऱ्या आणखी ओढल्या तसा बटवा मांडीवरून अलगद वर उचलला गेला.

आधी मिटणं, मग उचललं जाणं. या स्नायूचं काम हुबेहूब हेच.

मी म्हटलं, “आजी, परत करा.” त्यांनी केलं. “काकू, तुमच्या आत असा बटवा आहे समजा. तोंड मिटवा, दोरी वर ओढा. आता दोरी सैल सोडा.” काकूने डोळे मिटले. माझ्या बोटांना चारही बाजूंनी पकड जाणवली आणि पाठोपाठ स्पष्ट वर ओढ. पहिल्यांदाच. मी “हेच!” असं इतक्या मोठ्याने म्हटलं की आशाताई बाहेरून दार वाजवायला लागल्या.

सोडण्याचा भागही बटव्यानेच समजला. आजी म्हणाल्या, “तोंड उघडल्याबिगर सुपारी कशी निघंल?” खरंच आहे. प्रत्येक आकुंचनानंतर पूर्ण सैल सोडायचं, जितके आकडे आवळलं निदान तितके आकडे. कायम आवळलेला स्नायू थकतो, मग ऐन वेळी कामाला येत नाही.

आजींना विचारून बटवा आठवडाभरासाठी मागून घेतला. सुपारी आणि अडकित्ता त्यांनी पदराच्या टोकाला बांधला.

६ फेब्रुवारी

बचत गटातल्या एकीकडे शिलाई मशीन आहे. तिने उरल्यासुरल्या ब्लाउजपिसांचे बटवे शिवून दिले, प्रत्येकीला एक. साबणदाण्यांपेक्षा हेच वाण आधी सुचायला हवं होतं. सगळ्यांची पुन्हा तपासणी केली. बटवा हातात घेऊन, दोरी ओढत ओढत आवळलं की बहुतेकींना जमतं. श्वास कोंडू नये म्हणून आवळताना मोठ्याने आकडे मोजायला लावते, आकडे म्हणायचे तर श्वास चालू ठेवावाच लागतो.

प्रत्येकीची मात्रा वेगळी ठेवली आहे. पकडीची ताकद शून्य ते पाच अशा ऑक्सफर्ड श्रेणीत लिहिते, किती सेकंद टिकते आणि न थकता किती वेळा होते तेही. एकीला तीन सेकंद पाच वेळा, एकीला सहा सेकंद आठ वेळा. सगळ्यांना ‘दहा सेकंद, दहा वेळा’ असं सरसकट सांगितलं की ज्यांना जमत नाही त्या कुल्ले आवळून वेळ भरून काढतात. शिवाय झटपट आवळून सोडायचे काही झटके, खोकल्याच्या वेळी तेच लागतात.

लघवीची तीन दिवसांची नोंद ठेवायची आहे. छापील तक्ता सगळ्यांना भरता येणार नाही, म्हणून कॅलेंडरची मागची कोरी बाजू आणि टिकल्या. मोरीत जाऊन आलं की हिरवी टिकली, भिजलं की लाल, चहा घेतला की काळी. मापासाठी खुणा केलेला प्लास्टिकचा मग.

१३ फेब्रुवारी

टिकल्यांचे कागद आले. दोघींच्या पोरींनी टिकल्या काढून कपाळाला लावल्या होत्या, त्यांचं पुन्हा करावं लागेल. बाकीच्यांत पाहण्यासारखं बरंच होतं. एकीच्या कागदावर सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत एकही खूण नाही. शेतात आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही, आणि घरी आल्यावर तासात तीन तांबे. लघवी गडद, घाई प्रचंड, रात्री तीनदा उठणं. पाणी कमी प्यायलं तर गळणार नाही असं तिला वाटतं. उलट दाट लघवी मूत्राशयाला टोचते आणि बद्धकोष्ठाने तळावर आणखी जोर येतो. दिवसभरात थोडं थोडं पाणी वाटून प्यायचं ठरलं. आडोशाचं काय करायचं हे मात्र व्यायामाने सुटणारं नाही. आशाताई ग्रामसभेत विषय मांडणार आहेत.

आज एक नवीन काकू आल्या, पंचेचाळिशीच्या. आठ वर्षांपूर्वी खोकताना लघवी सुटते म्हणून एका खासगी दवाखान्यात गेल्या, तिथे पिशवी काढायला सांगितलं. कर्ज काढून ऑपरेशन केलं. पिशवी गेली, गळणं तसंच राहिलं. त्या सांगत होत्या तेव्हा आवाजात राग नव्हता, मलाच आला. खोकताना लघवी गळण्यावर पिशवी काढणं हा उपचार नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण उघडकीला आलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यामागे मजुरी, पाळीचे खाडे, मुकादमाची उचल असं बरंच होतं. पण बाईने कमरेखालची कुठलीही तक्रार सांगितली की तोडगा म्हणून पिशवी काढायची, ही सवय या काकूंच्या बाबतीतही दिसते.

त्यांची मापं: पकड दोन, टिकते तीन सेकंद. सुती साडीची घडी वजनकाट्यावर कोरडी तोलली. अर्धा लिटर पाणी पाजून तासाभरात चालणं, पायऱ्या, खोकणं, वाकणं करवून घेतलं आणि पुन्हा तोलली. १९ ग्रॅम जास्त भरली.

काय साधायचं आहे, असं विचारलं. माझी अपेक्षा होती, ‘गळणं थांबावं’ असं म्हणतील. त्या म्हणाल्या, “चैतात शिंगणापूरला चढून जायचंय. पाच वरसं झाली, मी खालीच बसतीय.” म्हणजे शिखर शिंगणापूरच्या डोंगरावरच्या महादेवाला, चैत्रातल्या यात्रेत. देवाच्या पायरीवर ओलं होईल या भीतीने घरचे वर जातात तेव्हा त्या पायथ्याशी सामान सांभाळत बसतात. गुडघा दुखतो असं सांगितलंय सगळ्यांना.

यात्रेला आठ आठवडे आहेत. घाईचं आहे, पण बघू.

२० फेब्रुवारी

आज हंडा.

खोलीत पाय मोकळे सोडून पडून आवळता येणं ही सुरुवात झाली. गळतं ते हंडा उचलताना, खोकताना, वैरणीचा भारा डोक्यावर घेताना. म्हणून उपकेंद्रामागच्या टाकीवरच वर्ग घेतला, स्टीलचा हंडा अर्धा भरून. उचलण्याच्या क्षणाआधी दोरी ओढायची, श्वास सोडत उचलायचं, ठेवल्यावर सैल सोडायचं. बहुतेकजणी दम कोंडूनच उचलतात, लहानपणापासून तीच सवय. मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की खोकण्याच्या ऐन आधी हा स्नायू आवळायला शिकलेल्या बायकांची खोकतानाची गळती आठवडाभरात कमी झाली. आठवड्यात स्नायू काही वाढत नाही. आवळण्याची वेळ साधली, एवढंच.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला शिलाईवाल्या वहिनी म्हणाल्या, “म्हंजी आधी बटवा, मग हंडा.” सगळ्यांनी तेच उचललं. परत निघाले तेव्हा टाकीवर एक दुसरीला ओरडत होती, “ए, बटवा!” आणि शेजारचे बापे आपले इकडेतिकडे बघत होते.

दोघी मिश्री लावतात आणि एक चुलीच्या धुराने सतत खोकते. खोकला थांबला नाही तर बटव्यावर रोजचा मार चालूच राहणार. खोकल्यासाठी डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. मिश्रीबद्दल बोलले. सुटेल असं वाटत नाही, पण बोलत राहीन.

२७ फेब्रुवारी

शाळूची काढणी. तिघीच आल्या. एकीचे मालक दारापर्यंत येऊन विचारून गेले, “म्याडम, याचं मशीन नसतंय का? शेक बिक?” त्यांची काळजी खरी होती म्हणून नीट उत्तर दिलं. नॉर्वेच्या कारी बो यांनी १९९९ मध्ये १०७ बायकांवर तुलना करून पाहिली होती: काहींना व्यायाम, काहींना विजेची उत्तेजना, काहींना योनीत धरायची वजनं, काहींना काहीच नाही. व्यायामवाल्या सरस ठरल्या. मालकांना एवढंच सांगितलं की मशीनपेक्षा तिचा अर्धा तास महत्त्वाचा आहे, तो तिला मिळेल असं बघा. “बरं,” म्हणाले. संध्याकाळी आशाताईंचा निरोप आला की त्यांनी स्वतः धारा काढल्या.

६ मार्च

बावीस-तेवीस वर्षांची सून, लग्नाला दोन वर्षं. सासूने पाठवलं: ‘हिलापण बटवा शिकवा.’ एकटीला आत घेतलं, कडी लावली. लघवी गळत नाही. पण सुरू व्हायला वेळ लागतो, पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही, शौचाला त्रास, आणि नवऱ्याजवळ जाताना असह्य दुखतं. ते सांगताना ती माझ्याकडे न बघता खिडकीच्या नऊवारीकडे बघत होती.

आतून तपासलं नाही. साडीवरून हात ठेवला तरी कळत होतं की तळ दगडासारखा आवळलेला. हिचा बटवा मिटलेलाच आहे. तिला आवळायचे व्यायाम दिले असते तर दुखणं वाढलं असतं. तिला पोटाने श्वास घ्यायला शिकवलं: श्वास घेताना पोट आणि तळ दोन्ही सैल, जणू सुपारी काढायला बटव्याचं तोंड उघडतंय. गुडघे छातीशी घेऊन पडणं, उकिडवं बसून सैल सोडणं, आणि कुणीही काहीही म्हटलं तरी दुखत असताना नाही म्हणायचा तिला हक्क आहे, हेही सांगितलं. सासूला सांगितलं, हिचा व्यायाम वेगळा आहे, एवढंच.

गावभर ‘बटवा, बटवा’ झालंय याचा आनंद होताच. आज त्यातला धोकाही समजला. आशाताईंबरोबर ठरवलं: ज्यांना दुखतं त्यांना कुणीही परस्पर आवळायला शिकवायचं नाही, आधी इकडे पाठवायचं.

१३ मार्च

होळी. फेरी नाही. फोनवर चौकशी. शिंगणापूरच्या काकू म्हणाल्या, पुरणाचं पातेलं उतरवताना भिजलं नाही. मग लगेच, “पर शिंकताना झालं.”

२० मार्च

काढणी संपली, खोली भरली. आणि दुपारी दारात एक आबा, नातवाला पुढे घालून. नातू म्हणाला, “यांना पण ते शिकवा.” पाच महिन्यांपूर्वी प्रोस्टेटची शस्त्रक्रिया, तेव्हापासून उठताना-बसताना थेंब थेंब. धोतराच्या आत फडकं बांधून असतात, देवळातल्या भजनाला जायचं बंद केलंय. भजनात पखवाज तेच वाजवायचे.

पुरुषांनाही हेच स्नायू असतात आणि प्रोस्टेट काढल्यावर त्यांच्यावर जास्त भिस्त येते. पण बटवा त्यांना सांगणं बरं दिसेना. मी म्हटलं, “आबा, माघात विहिरीत उतरताना गार पाणी मांडीपर्यंत येतं, तेव्हा पुढचं अंग कसं आपोआप आत ओढलं जातं?” आबा हसले, पहिल्यांदाच. “तसं आणायचं व्हय?” तसंच. उठण्याआधी आवळायचं, मग उठायचं. तीन वेळा करून दाखवलं, श्वास चालू होता. पुढच्या वेळी माझ्या पुरुष सहकाऱ्याला बरोबर आणते, तपासणी त्याने केलेली बरी.

२७ मार्च

अंग बाहेर येणाऱ्या मावशींना घेऊन तालुक्याला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन आले. व्यायामाने त्यांचं ओढल्यासारखं वाटणं थोडं कमी झालंय, पण उतरलेलं अंग इतकं बाहेर आहे की फक्त व्यायामावर ठेवणं योग्य नव्हतं. डॉक्टरांनी आत बसवायची रिंग दिली. परत येताना एसटीत त्या म्हणाल्या, “बसल्यावर टोचत न्हाई आता.” पंधरा वर्षं टोचत होतं.

घाई लागणाऱ्यांची उजळणी: दाराची कडी काढताना किंवा नळाचा आवाज आला की जी घाई येते तेव्हा पळायचं नाही. थांबा, उभ्या राहा, चार-पाच झटके आवळा, लाट ओसरू द्या, मग चाला. दोघींच्या कागदावर लाल टिकल्या विरळ झाल्यात.

३ एप्रिल

गुढीपाडवा होऊन गेला. यात्रेआधीची शेवटची फेरी. शिंगणापूरच्या काकूंची पकड दोनवरून तीन, टिकते सात सेकंद. साडीची घडी: ६ ग्रॅम. शून्य नाही.

त्यांना तेच सांगितलं. म्हटलं, काकू, पूर्ण थांबलेलं नाही, तीन महिने अजून पुरे व्हायचेत. वर जायचं का, ते तुम्ही ठरवा. त्यांनी घडी हातात घेऊन ओली जागा बोटाने चाचपली. “एवढीच?” मग म्हणाल्या, “एवढीची काय भीती?”

शाळेच्या पायऱ्यांवर सराव घेतला. चढताना पाय टाकण्याआधी हलकी दोरी, पूर्ण ताकदीने नाही, नाहीतर दहाव्या पायरीला स्नायू थकेल. मध्येच उभं राहून सैल सोडायचं. सुरुवातीला मोरीत जाऊन यायचं, पण पाणी प्यायचं सोडायचं नाही, चैत्रातलं ऊन आहे.

१० एप्रिल

काल द्वादशी, कावडी चढल्या. अर्धं गाव अजून डोंगरावर. फेरी नाही.

१७ एप्रिल

काकू सगळ्यांच्या आधी येऊन उपकेंद्राच्या पायरीवर बसल्या होत्या. प्रसादाची पुडी माझ्या हातात दिली.

“चढताना एकदाबी न्हाई. देवाम्होरं हुबी ऱ्हायले.” मग थोडं थांबून, “उतरताना मातर दोनदा झालं.”

उतरताना. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उतरताना प्रत्येक पावलाला आदळ बसते, पोटातला सगळा भार खाली येतो, आणि तोवर स्नायू चढून थकलेले. मी फक्त चढण्याचा सराव घेतला होता.

“वाईट वाटलं?”

“न्हाई वं. घडी लावली व्हती. कुनाला काय कळलं न्हाई.” पदरातून त्यांनी बटवा काढला. त्यात भंडाऱ्याची पुडी आणि कसलंसं बी होतं. “म्या सूनंला सांगितलंय, गुडघा बरा झाला म्हनून.”

खोली उघडली. त्यांना घेऊन लगेच शाळेच्या पायऱ्यांकडे गेले. वरून खाली, एका वेळी एक पायरी, पाऊल टेकण्याआधी दोरी. चौथ्या पायरीवर त्या थांबल्या, सैल सोडलं, पुन्हा मोजायला लागल्या. आबा पखवाज खांद्याला अडकवून समोरच्या रस्त्याने देवळाकडे चालले होते. पुढची तारीख २४ एप्रिल, उतरण.